चारशेसाठ गुणांनी वरचढ खेळाडूशी सात महिने चाललेला डाव आणि बरोबरी

अडीच_घरं

गणपतीत सुरू झालेला डाव होळीच्या आदल्या दिवशी संपला. सत्तर चाली. बरोबरी. घरात कुणाला सांगायला गेलो तर "म्हणजे जिंकला नाहीस ना?" एवढंच ऐकायला मिळालं, म्हणून इथे धागा काढतोय.

ऑनलाइन पत्र-बुद्धिबळ. एका चालीला तीन दिवस. समोरचा ब्राझीलचा, गुणांकन १८९०. माझं १४३०. मी काळी मोहरी घेऊन. एलोच्या, म्हणजे गुणांकन काढायच्या, सूत्रात हा फरक घातला तर माझ्यासारख्यानं त्याच्याशी शंभर डाव खेळून सहा-साडेसहा गुण मिळवायचे असतात. म्हणजे मी आत्ता पुढच्या सात डावांची उधारी खाऊन बसलोय.

सुरुवात बरी गेली, कारण पहिल्या दहा चाली पुस्तकातल्या होत्या आणि पत्र-डावात पुस्तक उघडून बसायला तिथे परवानगी आहे. (इंजिनाला, म्हणजे चाल शोधून देणाऱ्या संगणक-प्रोग्रामला, नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण तो प्रश्न येणारच.) एकोणिसाव्या चालीला एक प्यादं गेलं, चौतिसाव्याला दुसरं. वजीर केव्हाच निघाले होते, हत्तीही निघाले. उरलं काय, तर त्याचा उंट आणि दोन प्यादी, माझा एकटा घोडा.

मधे एक प्रकार झाला. मी डाव छोट्या चुंबकाच्या पटावर फ्रिजच्या वर मांडून ठेवतो. मावशींनी फ्रिज पुसताना पट उचलला, उंट खाली पडला, त्यांनी तो प्रामाणिकपणे परत ठेवला. शेजारच्या घरात. मी दोन दिवस भलत्याच डावाचा विचार करत होतो आणि मला एक सुंदर दुहेरी शह सापडला होता! चाल टाकायला मोबाइल उघडला आणि उंट तिथे नाहीच. तेव्हापासून चाल पाठवण्याआधी पट आणि स्क्रीन ताडून बघतो.

असो. मुख्य क्षण हा (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी). पांढरा: राजा एफ४, उंट एफ३, प्यादी जी४ आणि एच५. काळा: राजा जी७, घोडा एफ६. अठ्ठावन्नावी चाल पांढऱ्याची. त्यानं उंट एफ३ वरून ई२ ला घेतला. अगदी निरुपद्रवी चाल. मी घोड्यानं जी४ वरचं प्यादं मारलं. त्यानं उंटानं घोडा मारला. आणि डाव बरोबरीत!

ज्यांना का ते कळलं त्यांनी हात वर करा.

चहाबाज

हात खाली आहे. घोडा फुकट दिलास आणि म्हणे बरोबरी?

उंटावरचा_शहाणा

माझ्या नावाला जागून मीच सांगतो. उंट पांढऱ्या घरांवरचा. राहिलेलं प्यादं एच रांगेतलं. ते वजीर होणार एच८ वर, आणि एच८ काळं घर. पांढऱ्या घरांवरचा उंट जन्मात तिथे जाऊ शकत नाही. काळा राजा एकदा त्या कोपऱ्यात शिरला की त्याला बाहेर काढायला पांढऱ्याकडे कुणीच नाही. फार जोर लावला तर स्टेलमेट होतं, म्हणजे शह नाही पण हलायलाही जागा नाही, आणि तीही बरोबरीच. कडेचं प्यादं आणि चुकीच्या रंगाचा उंट: पुस्तकात पहिल्या पंचवीस पानांत असतं, आणि तरी दर वर्षी हजारो लोक यात अडकतात.

अडीच_घरं, अभिनंदन. पण घोड्यानं एच५ वरचं प्यादं शहासकट मारलं असतं तरी चाललं असतं ना? जी४ वरच्या प्याद्यानं मारलं की पुन्हा एच रांगेतलंच प्यादं उरतं.

अडीच_घरं

हो, तेही पाहिलं होतं. पण तिथे त्यानं लगेच न मारता राजा जी५ वर आणला तर घोडा परत पळवत बसायचं, आणि त्याचं जी चं प्यादं जिवंत. जी४ वर मारलं की जी चं प्यादंच गेलं. मला शंका नको होती. तीन दिवसांतले अडीच दिवस याच दोन चालींत घालवले.

शेवटच्या बारा चाली त्यानं खेळून बघितल्या. सत्तराव्याला प्यादं एच७ वर आणलं. माझा राजा एच८ मध्ये, हलायला घर नाही, शह नाही. स्टेलमेट. एक शब्दही लिहिला नाही त्यानं. मी "ओब्रिगादो" (पोर्तुगीजमध्ये धन्यवाद) लिहिलं होतं, तेही तसंच पडून आहे.

संशयात्मा

माफ करा, पण १४३० चा माणूस दोन प्यादी मागे असताना नेमकं हे शेवटाचं तंत्र शोधतो? इंजिन नाही म्हणता, ठीक. मला तर वाटतं समोरचा कंटाळला होता. ही बरोबरी तुमची नाही, त्याच्या आळसाची आहे.

अडीच_घरं

हे दोन वेगळे आरोप आहेत, एक निवडा. :)

इंजिन नाही. डाव संपल्यावर टेबलबेसमध्ये (थोड्या मोहऱ्यांच्या स्थितींची उत्तरं साठवलेला संग्रह) घालून पाहिलं. पटावर दोन्ही राजे धरून सहाच मोहरी, म्हणजे तिथे अचूक उत्तर मिळतं. त्यानं उंट ई२ ला न नेता जी५ खेळायला हवं होतं. मग मी घोडा एच५ वर दिला तर उंटानं मारून जी चं प्यादं उरतं, आणि ते जिंकतं, कारण ते कडेचं प्यादं नाही. म्हणजे एका चालीनं जिंकलेला डाव बरोबरीत गेला.

आळसाचं म्हणाल तर मान्य. त्याच्या पानावर पाहिलं, त्या वेळी त्याचे एकसष्ट डाव चालू होते. माझे तीन.

संशयात्मा

हेच तर म्हणतोय. एकसष्ट डाव खेळणाऱ्यानं तुमच्या पटाकडे अर्धा मिनिट पाहिलं असेल.

न्यूजर्सीकर

एकसष्ट काहीच नाहीत. पॉल केरेस, एस्टोनियाचा तो महान खेळाडू, तरुणपणी पेर्नूसारख्या लहान गावात राहायचा. तोडीचं कुणी मिळेना म्हणून टपालाने खेळायला लागला आणि एका वेळी दीडशेपर्यंत डाव चालवायचा. पुढे जगातल्या पहिल्या पाचांत गेला. त्यामुळे "जास्त डाव म्हणजे आळस" हे गणित सरळ नाही.

दुसरं, इंजिनाबद्दल. आंतरराष्ट्रीय पत्र-बुद्धिबळ संघटना आयसीसीएफ, स्थापना १९५१. तिच्या स्पर्धांत इंजिन वापरणं अधिकृतपणे चालतं. दोन्हीकडे तगडे संगणक, वर माणूस. परिणाम असा की वरच्या स्पर्धांत बहुतेक डाव बरोबरीत सुटतात, गुणांकनात फरक असला तरी. तिथली बरोबरी आणि अडीच_घरं यांची बरोबरी ही दोन वेगळ्या जातीची फळं आहेत. तिथे कुणी चुकतच नाही म्हणून बरोबरी. इथे दोघंही चुकले, फक्त शेवटची चूक १८९० वाल्यानं केली.

चहाबाज

"शेवटची चूक करणारा हरतो" असं काहीतरी म्हणतात ना बुद्धिबळात. इथे तो हरलाही नाही. चांगलं आहे की.

पोस्टकार्ड

नमस्कार. मी सहसा नुसता वाचतो. पण विषय माझा निघाला.

मी मूळचा सांगलीचा. आमच्या गावात भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे पोरं गल्लीत विटीदांडू आणि घरात बुद्धिबळ खेळायची. नोकरीनिमित्त विदर्भात एका आडगावी बदली झाली. तिथे पट होता, समोर माणूस नव्हता. मग सुरू केलं टपालानं. ऐंशीच्या दशकात पंधरा पैशांचं पोस्टकार्ड. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला चाल. समोरच्याची शेवटची चाल आपण परत लिहायची, म्हणजे घोळ होत नाही. खाली त्याचं कार्ड मिळाल्याची तारीख आणि आपलं टाकल्याची तारीख. दोन्हींमधले दिवस आपल्या खात्यात. प्रवासाचे दिवस कुणाच्याच नाहीत.

चाली अक्षरांत नाही, आकड्यांत लिहायच्या. परदेशातल्या माणसाला आपलं "घोडा" कळायचं नाही आणि आपल्याला त्याचं. म्हणून ए ते एच म्हणजे १ ते ८. राजाचं प्यादं दोन घरं पुढे, ई२ वरून ई४: ५२५४. अडीच_घरं, तुमच्या ब्राझीलवाल्याची ती घोडचूक (की उंटचूक?) आमच्या भाषेत ६३५२. तुमचं उत्तर ६६७४. संपलं. चार आकड्यांत सात महिने.

आता तुमच्यासारखीच एक गोष्ट. माझ्याहून फार वरच्या एका गृहस्थांशी माझा डाव होता. मी लिहिलेला ५ त्यांना ६ वाटावा असा होता, नव्हे, तो ६ च होता, घाईत माझाच हात चुकला. नियम असा की चाल वाचता येत असेल आणि पटावर शक्य असेल तर ती बांधील. माझा हत्ती एक घर बाजूला जाऊन बसला आणि मेला. मी कार्ड लिहिलं, "साहेब, चाल चुकून लिहिली." उत्तर आलं, अत्यंत सभ्य: चाल स्वीकारली, आपला हत्ती घेतला, घरी सर्व कुशल ना?

त्या दिवसापासून प्रत्येक कार्ड पेटीत टाकण्याआधी बायकोला वाचायला द्यायचो. तिला बुद्धिबळाचं काही कळत नव्हतं, म्हणूनच ती आकडे जसेच्या तसे वाचायची.

प्यादं_सातव्या_घरात

काका, शेवटचं वाक्य भारी. अजून लिहा ना.

वाचनमात्र

+१. वेगळा धागा काढा.

उंटावरचा_शहाणा

विषय "असमान ताकद आणि बरोबरी" असा आहे तर मोठं उदाहरण कुणी काढलं नाही अजून. मॅग्नस कार्लसन विरुद्ध जग. ४ एप्रिल २०२५ ला चेस डॉट कॉमवर सुरू झाला, १९ मेला संपला. एका बाजूला माजी जगज्जेता कार्लसन, पांढरी मोहरी. दुसऱ्या बाजूला १,४३,००० हून जास्त लोक, प्रत्येक चालीला चोवीस तास, मतदानानं चाल ठरणार. फ्रीस्टाइल प्रकार, म्हणजे मागच्या ओळीतल्या मोहऱ्यांची जागा सोडतीनं, पुस्तकाचा उपयोग शून्य. बत्तिसाव्या चालीला जगानं राजाला शह देत तीच स्थिती तिसऱ्यांदा आणली. बरोबरी.

यातले नव्वद टक्के लोक कार्लसनसमोर वीस चालीही टिकले नसते (माझा अंदाज, मोजलेलं नाही). मी स्वतः रोज मत द्यायचो. तीनदा तर माझी चाल हरली आणि जिंकली ती चांगली निघाली.

संशयात्मा

पण ती असमान लढत कुठे? दीड लाख लोकांत ग्रँडमास्टरही असणार. मोहल्ला समितीनं ठराव केला तरी एखादा अभियंता असतोच त्यात.

न्यूजर्सीकर

असतो, पण समितीत त्याचं ऐकलं जाईलच असं नाही. १९९९ चा जगज्जेता कास्पारोव्ह विरुद्ध जग हा डाव आठवा. चार महिने, बासष्ट चाली, पंचाहत्तरहून जास्त देशांतले पन्नास हजारांवर लोक. तिथे जगाला मार्गदर्शन करायला काही तरुण खेळाडू नेमले होते. त्यातली पंधरा वर्षांची इरिना क्रश दहाव्या चालीला अशी कल्पना घेऊन आली की डाव अनोळखी रानात शिरला. लोकांनी तिचं ऐकलं म्हणून कास्पारोव्हला घाम फुटला. शेवटी तो जिंकला, पण जिंकायला बासष्ट चाली लागल्या. आणि त्यानं कबूल केलं होतं की जगाची चर्चा चालायची ती पानं तो वाचत होता! समोरच्या बाजूचा सल्ला उघड्यावर चाललेला, कोण नाही वाचणार.

२०२४ मध्ये आनंदही जगाशी खेळला, सत्तर हजारांच्या आसपास लोक समोर, आणि जिंकला. तेव्हा कास्पारोव्ह जिंकला, आनंद जिंकला, कार्लसनला बरोबरी. तिघांत कमकुवत कोण म्हणायचं, हे विचारू नका.

प्यादं_सातव्या_घरात

माझा मुद्दा वेगळा. पत्र-डावात वेळ दोघांनाही तेवढाच मिळतो, मग कमकुवत खेळाडूला फायदा का व्हावा? घड्याळाच्या डावात १८९० वाला १४३० ला पाचात साडेचार वेळा मारतो. तीन दिवसांनी एकेक चाल, तरी तोच मारायला हवा. उलट त्याला जास्त दिसतं, मग जास्त वेळात आणखी जास्त दिसावं.

अडीच_घरं

मी यावर सात महिने विचार केलाय, इतर वेळी काय करणार!

माझं मत: त्याला तीन दिवस मिळतात, पण तो ते घेत नाही. त्याला गरज वाटत नाही. माझ्याशी तर नाहीच वाटत. मी आकडे तपासले, माझ्या बहुतेक चालींना चोवीस तासांवर वेळ गेलाय, त्याच्या कित्येक चाली मी टाकल्यावर पाच मिनिटांत आल्यात. अठ्ठावन्नावी चाल तर मी पाठवून चहा ओतेपर्यंत आली. वेळ सारखा वाटला होता, खर्च सारखा झाला नाही.

संशयात्मा

मग मी म्हणालो तेच. आळस.

अडीच_घरं

आळस त्याचा, पण त्या आळसासमोर सापळा उभा करायला मी तिथे असायला हवा होतो ना. मी एक नियम पाळला: मागे असलो की मोहरी वाचवायची आणि प्यादी मारामारीत काढायची. प्यादी जितकी कमी, तितकी बरोबरीची आशा जास्त. त्यानं वजीराच्या बाजूची प्यादी हौसेनं माझ्याबरोबर बदलली, कारण त्याला वाटलं दोन प्यादी जास्त आहेत, आता हिशेब सोपा करू. पाचावर तीन असती तर घोडा देऊन काही झालं नसतं. दोनावर शून्य होतं म्हणून झालं. ती अदलाबदल मी चाळिसाव्या चालीपासून मागत होतो.

संशयात्मा

हे मात्र पटलं. शब्द मागे घेतो, अर्धा.

उंटावरचा_शहाणा

यांच्याकडून अर्धा गुण काढणं म्हणजे ब्राझीलवाल्यापेक्षा अवघड. दोन बरोबऱ्या झाल्या तुझ्या.

चहाबाज

बायको विचारतेय की सात महिने खेळून पैसे किती मिळाले.

वाचनमात्र

तिला सांगा, एडिनबरो आणि लंडनच्या क्लबांनी १८२४ ते १८२८, चार वर्षं, टपालानं पाच डाव खेळले. दोन एडिनबरोनं जिंकले, एक लंडननं, दोन बरोबरीत. लंडनचं नाव मोठं होतं तेव्हा. आणि त्यातून डावाच्या एका सुरुवातीचं "स्कॉच गेम" हे नाव आजपर्यंत टिकलं. सात महिने म्हणजे काहीच नाहीत.

पोस्टकार्ड

आडगावातला माझा एक डाव पावणेतीन वर्षं चालला. मधे त्यांची बदली, मग माझी. पत्ते बदलले, डाव तोच. शेवटी बरोबरी झाली तेव्हा त्यांनी कार्डावर चालीच्या खाली लिहिलं की मुलीचं लग्न ठरलंय, या. मी गेलो होतो. पहिल्यांदा चेहरा पाहिला. मांडवात एक तास आम्ही डावाबद्दल बोललो आणि मला त्यांच्या मुलीचं नाव शेवटपर्यंत नीट ऐकू आलं नाही, बँड फार जोरात होता.

अडीच_घरं, तुमचे तीन डाव चालू आहेत म्हणालात. चौथा घ्याल? कार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. माझी पहिली चाल इथेच टाकतो, बाकीच्या पोस्टानं.

५२५४

अडीच_घरं

काका! तुमचं गुणांकन काय?

पोस्टकार्ड

नाही. आमच्या वेळी कुणी काढलं नाही आणि नंतर मी काढलं नाही.

अडीच_घरं

मग भीतीच वाटते. ३७३५. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

उंटावरचा_शहाणा

सिसिलियन बचाव! काकांसमोर! धाडस आहे.

पोस्टकार्ड

पत्ता मिळाला. पिनकोड पाच आकडीच आहे, एक राहिलाय. आणि तुमचा ३७३५ मी बायकोला वाचून दाखवायला सांगितला. ती म्हणाली बरोबर आहे.